लंगडं पिलू आणि ऐकणारी सून

एका गावात एक भोळी सून आली. गावाचं नाव सांगायला हरकत नव्हती, पण तिथले लोक लगेच म्हणतात, आमच्याकडे अशा सुना येत नाहीत. तेव्हा राहू दे. सुनेचं नाव हौसा.

लग्न होऊन निघताना हौसाच्या आईनं डोळे पुसत पुसत तिला एकच गोष्ट सांगितली. "हौसे, सासरी सांगतील तसं करायचं. आपली अक्कल चालवायची नाही."

हौसा म्हणाली, "बरं."

अक्कल न चालवणं तिला फारसं जड गेलं नाही. काही जणींना जातं. हौसाला नाही गेलं.

सासूला ती आत्याबाई म्हणायची. आत्याबाई तोंडानं फटकळ, पण ताटात वाढताना हात सैल. हौसाचा नवरा दोघींच्या मध्ये बसून जेवायचा आणि काही बोलायचा नाही. दारात एक कालवड होती, एक कोंबडी होती आणि कोंबडीची नुकतीच बाहेर पडलेली पिल्लं होती. आणि कुडाच्या पलीकडे गजराकाकू होत्या. गजराकाकूंना ऐकायला कमी येतं असं त्या स्वतःच सांगायच्या. आत्याबाईंच्या घरातलं मात्र त्यांना चुलीवरच्या दुधाच्या आवाजापर्यंत सगळं ऐकू यायचं.

एक दिवस आत्याबाई हौसाला म्हणाल्या, "दिवेलागणीला कोंबडी पिल्लं घेऊन कोपऱ्यात बसते. ती बसली की वरून डालगं झाकायचं. मुंगूस टपून असतं. उगीच मागंपुढं बघत बसू नको, चटकन झाक."

"बरं," हौसा म्हणाली.

संध्याकाळी कोंबडी कोपऱ्यात बसली. हौसानं बांबूचं ते मोठं डालगं उचललं. एक पिलू मागं राहिलं होतं. ते आपलं तुरुतुरु येत होतं. पण मागं बघायचं नाही असं सांगितलेलं होतं. हौसानं डालगं चटकन झाकलं. पिलू निम्मं आत गेलं आणि त्याचा एक पाय काठाखाली सापडला.

पिल्लानं जी किंकाळी फोडली ती कुडापलीकडे गेली. गजराकाकू लगेच आल्या. त्यांनी पिलू पाहिलं, पिल्लाचा लोंबणारा पाय पाहिला, मग हौसाला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"नवी सून घरात आली आणि पिलू लंगडं झालं," त्या म्हणाल्या. "पायगुण. मी आपली बोलत नाही, पण पायगुण."

आत्याबाईंचा चेहरा उतरला. गजराकाकू एखादी गोष्ट बोलत नाहीत, तेव्हा ती दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर असते, हे त्यांना ठाऊक होतं.

कोंबडीनंही लंगड्या पिल्लाला चोचीनं बाजूला सारलं. मग आत्याबाईंनी ते पिलू पाटीत चिंध्यांवर घातलं, पाटी चुलीच्या उबेला ठेवली आणि हौसाला म्हणाल्या, "हे आता तुझं. जत्रेला सगळं गोत आपल्याकडे येतं. त्यांच्यासमोर हे पिलू चाललं, तर बोलणाऱ्यांची तोंडं बंद होतील. नाही चाललं, तर..."

हौसाला पुढचं कळलं. नाही चाललं तर हौसाच चालू पडणार, माहेरी.

तिनं पिल्लाकडे पाहिलं. पिल्लानं तिच्याकडे पाहिलं. दोघांनाही एकमेकांचा फारसा भरवसा वाटला नाही.

"आता काय करू, आत्याबाई?"

"हळद-चुना लाव. काडी लाव. चिंधीनं घट्ट बांध. अजिबात हलता कामा नये."

"बरं."

हौसानं हळद-चुना कालवला. काडी शोधली. मग तिनं विचार केला, नुसता पाय बांधला तर हे पंख हलवणार. पंख बांधले तर मान हलवणार. आणि अजिबात हलता कामा नये असं तर सांगितलेलं. काडी पुरेना. तिनं आमटीची पळी घेतली. पळीच्या दांड्यावर पिलू उताणं निजवलं आणि जुन्या लुगड्याची चिंधी त्याला चोचीपासून शेपटापर्यंत गुंडाळली.

आत्याबाई आमटी वाढायला बसल्या आणि त्यांनी पळी उचलली.

"हे काय गं?"

"पिलू."

"पळीला?"

"हलत नाही अजिबात."

आत्याबाईंनी चिंधी सोडली. सोडायला बराच वेळ लागला, कारण हौसानं बांधली होती मन लावून. आतून पिलू निघालं. जिवंत होतं. हळदीनं पिवळं झालं होतं, पण ते आधीही पिवळंच होतं, त्यामुळे फरक कळला नाही.

"अगं, दुखतं तेवढंच बांधायचं," आत्याबाई म्हणाल्या. "बाकीचं मोकळं सोडायचं. कळलं?"

"कळलं," हौसा म्हणाली. आणि खरंच कळलं होतं. आपण आता शहाण्या झालो असं तिला वाटलं. दुखतं तेवढंच बांधायचं, बाकीचं मोकळं सोडायचं. सोपं तर होतं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई शेतावर निघाल्या. जाता जाता म्हणाल्या, "कालवड चरून आली की बांध गं."

कालवड चरून आली. तिच्या कानाला बोरीचा काटा लागला होता. कान जरासा चिरला होता, माश्या बसत होत्या. हौसानं कालवडीभोवती एक फेरी मारली, नीट तपासलं. दुखतं काय? कान. तिनं कानाला हळद लावली आणि कान बांधला. छान फूल काढून गाठ मारली. बाकीची कालवड मोकळी सोडली.

बाकीची कालवड कूड ओलांडून गजराकाकूंच्या परसात गेली. बांधलेला कानही तिच्याबरोबर गेला. काकूंनी मेथीचा वाफा केला होता. संध्याकाळी वाफा होता, मेथी नव्हती.

गजराकाकू त्या दिवशी बोलल्या. आम्ही ते इथं लिहीत नाही.

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं, घरातली कोवळी वांगी काकूंना देऊन पाठवलं आणि हौसापुढं बसल्या.

"हौसे, हे बघ. आपल्या दारात आलं की आधी पायाला दावं घालायचं, खांबाला बांधायचं, पुढ्यात खायला टाकायचं. आणि मी येईपर्यंत जागचं हलू द्यायचं नाही. मग बाकीची कामं. कळलं?"

"कळलं," हौसा म्हणाली. तिनं मनात घोकून ठेवलं. दावं, खांब, खाणं.

पिल्लाचा पाय आता नीट बांधला होता. फक्त पाय. ते पाटीतून मान काढून हौसाची लगबग बघत बसायचं. चूल फुंकताना तिनं खोकलं की तेही चिवचिवायचं. हौसाला बरं वाटायचं. त्या घरात ती काही बोलली आणि कुणी उलट 'अगं' म्हटलं नाही, असं ते एकटंच होतं.

पुढच्या आठवड्यात आत्याबाईंचे धाकटे भाऊ, बापूमामा, बहिणीला भेटायला आले. लांबून चालत आले होते. घरात हौसा एकटीच. मामा ओसरीवर टेकले, पगडी बाजूला ठेवली आणि खांबाला पाठ लावून घोरायला लागले.

हौसा दारामागून बघत होती. दारात तर आलेले आहेत. खांबाला तर आपणहून टेकलेत. राहिलं काय? दावं.

तिनं कालवडीचं जुनं दावं आणलं. मोठ्या माणसांसमोर जायचं म्हणून डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मामांच्या पायाला हळूच फास घालून दुसरं टोक खांबाला बांधलं. मग पुढ्यात खायला टाकायचं होतं. कालवडीला कडबा टाकतात. पण माणसापुढं कडबा कसा टाकायचा? हौसा एवढी काही वेडी नव्हती. तिनं भुईमुगाच्या शेंगा टाकल्या.

मामांना जाग आली. शेंगा बघून त्यांना आनंद झाला. त्यांनी बसल्या बसल्या शेंगा खाल्ल्या, टरफलं झटकली आणि चूळ भरायला म्हणून ते उठून निघाले.

ते निघाले. पाय निघाला नाही.

आत्याबाई शेतावरून आल्या तेव्हा त्यांचा भाऊ ओसरीवरून निम्मा खाली अंगणात होता आणि सून त्यांना अदबीनं सांगत होती, "आत्याबाई येईपर्यंत हलायचं नाही, मामा."

"आक्का," बापूमामा खालूनच म्हणाले, "तुझ्या घरची रीत बदलली का गं?"

मामांचा घोटा सुजला. त्यांना बैलगाडीत घालून परत पाठवावं लागलं. कुडापलीकडून गजराकाकू म्हणाल्या, "आधी पिलू, आता पाहुणा. मी आपली बोलत नाही."

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, पाहुण्याला बांधतात होय? पाहुण्याला मांडी घालून बसवायचं, जवळ बसून आग्रह करायचा. पोट भरलं म्हणाला तरी वाढायचं. नको म्हणणारच तो. लाजतात लोक. मान फिरवली की समजायचं, अजून एक घास चालेल. उपाशी कुणाला ठेवायचं नाही."

"मला आधी सांगायचं ना," हौसा म्हणाली.

तिला फार वाईट वाटलं. मामांचं वाटलंच, पण त्याहून जास्त पिल्लाचं. म्हणजे आजवर पिलू जेवढं खाईल तेवढंच आपण त्याला घातलं! एकदाही आग्रह केला नाही! ते लाजत असेल. नवं घर, अनोळखी माणसं. लाजणं म्हणजे काय ते हौसाला कुणी सांगायला नको होतं.

ती कणीची वाटी घेऊन पाटीपाशी मांडी घालून बसली.

"घे."

पिल्लानं घेतली.

"अजून घे."

पिल्लानं घेतली.

"एवढीशीच? माझ्या गळ्याची शपथ."

पिल्लानं चोच मिटली. हौसाला कळलं, लाजतंय. तिनं चोच उघडून एक चिमूट आत सोडली. पिल्लानं मान फिरवली. म्हणजे अजून एक घास चालेल. तिनं दुसऱ्या बाजूनं जाऊन घातला. असा तो आग्रह चालला. वाटी रिकामी झाली तेव्हा पिल्लाच्या गळ्याखालची पिशवी बोरासारखी टरटरून फुगली होती. ते एकदा डुललं. मग कलंडलं. मग डोळे मिटून पडून राहिलं.

"झोपलं," हौसा स्वतःशी म्हणाली. पण झोपलेलं पिलू तिनं आधी पाहिलं होतं. ते असं दिसत नाही.

ती धावत अंगणात गेली. "आत्याबाई! पिलू पाहुण्यासारखं जेवलं!"

आत्याबाईंनी वाटी पाहिली आणि पिलू पाहिलं. त्यांनी पिलू तळहातावर घेतलं, बोटाला तेल लावलं आणि ती फुगलेली पिशवी हळूहळू चोळायला लागल्या. कोमट पाण्याचे थेंब चोचीत सोडले. परत चोळलं. हौसा समोर बसून रडत होती. माहेरी जावं लागेल म्हणून रडत होती असं तिला आधी वाटलं. मग लक्षात आलं, माहेर आत्ता डोक्यातच नाही. तिला ते पिलूच हवं होतं.

"रडू नको," आत्याबाई म्हणाल्या.

"बरं," हौसा म्हणाली आणि रडायची थांबली.

बऱ्याच वेळानं पिल्लानं एक डोळा उघडला. आत्याबाईंकडे पाहिलं. मग हौसाकडे पाहिलं आणि तो डोळा परत मिटून घेतला.

"वाचलं," आत्याबाई म्हणाल्या. "आता नीट ऐक. दमल्याभागल्या जिवाला आग्रह नसतो. चिमूटभर कणी, दोन थेंब पाणी, वरून डालगं झाकायचं, म्हणजे अंधारात शांत पडून राहतं. आणि बडबड अजिबात नको. आपणही बोलायचं नाही, त्यालाही ओरडू द्यायचं नाही."

हौसानं ते ऐकलं आणि अगदी तसंच केलं. पिलू दुसऱ्या दिवशी तरतरीत झालं. हौसाच्या हातून पहिल्यांदाच काहीतरी बरोबर झालं होतं. तिला वाटलं, हा उपाय आपण आयुष्यभर सोडायचा नाही.

त्याच दिवशी दुपारी तिचा नवरा शेतावरून आला. ओसरीवर बसला, तोंड पुसलं आणि त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलला. "आज फार दमलो बुवा."

हौसा आत गेली. बाहेर आली. त्याच्या तळहातावर तिनं चिमूटभर कणी ठेवली. त्यानं कणीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि खाल्ली. लग्नाला अजून फार दिवस झाले नव्हते. मग तिनं दोन थेंब पाणी दिलं. तेही तो प्यायला. मग तिनं त्याच्यावर डालगं झाकलं.

"अगं..." आतून आवाज आला.

"बोलायचं नाही," हौसा म्हणाली.

"बरं," तो म्हणाला.

आत्याबाई आल्या. "तो आला नाही का गं अजून?"

हौसानं डालग्याकडे बोट केलं. तिलाही बोलायचं नव्हतं.

आत्याबाईंनी डालगं उचललं. आत त्यांचा मुलगा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. मिशीला कणीचा एक दाणा चिकटला होता.

"अरे, तू तरी ओरडायचं नाहीस?"

"ती म्हणाली बोलायचं नाही," तो म्हणाला. "आणि आई, आत गार आहे. बरं वाटतंय."

आत्याबाईंनी डालगं बाजूला ठेवलं. त्यांना पहिल्यांदाच नीट कळलं की आपण शोधून आणलेली सून आपल्या मुलाला शोभेल अशीच निघाली.

"हौसे," त्या दमून म्हणाल्या, "नवऱ्याला झाकून ठेवत नाहीत. नवऱ्याच्या मागून चालतात. तो पुढं, आपण मागं. तो हळू चालला तर आपण हळू चालायचं. तो थांबला की थांबायचं. तो जसा चालेल तसं. आपण पुढं पळायचं नाही, त्याला ढकलायचं नाही. मग संसार होतो."

"कळलं," हौसा म्हणाली.

मग पिल्लाच्या पायाची चिंधी सुटायचा दिवस आला. हाड जुळलं होतं. पण पिलू तो पाय टेकायलाच तयार नव्हतं. एक उडी, एक फरपट, असं चालायचं.

"याला रोज सकाळी चालव," आत्याबाई म्हणाल्या. "पाय मोकळा होईल."

"कसं चालवू?"

आत्याबाई भाकरी थापत होत्या. "कसं म्हणजे? ते चालेल, तू त्याच्या मागून जा."

मागून जायचं कसं ते हौसाला आता चांगलं ठाऊक होतं.

सकाळी पिलू अंगणातून निघालं. एक उडी, एक फरपट. हौसा त्याच्या मागून निघाली. एक उडी, एक फरपट. डोक्यावर पदर, नजर खाली. पिलू थांबलं की हौसा थांबायची. पिल्लानं दुखरा पाय पोटाशी घेतला की हौसाही घ्यायची आणि करकोच्यासारखी उभी राहायची. पिलू अंगणातून वाटेवर गेलं, वाटेवरून देवळाच्या पाराला वळसा घालून पाणवठ्याकडे गेलं आणि तिथं उकिरड्याजवळ उकरत बसलं. हौसा तशीच मागं.

पाणवठ्यावर बायका होत्या. त्यांना पिलू दिसलं नाही. पिलू बारीकसं होतं. त्यांना हौसा दिसली.

"अगं बाई," एकीनं घागर खाली ठेवली. "ही तर लंगडी!"

"मी आपली बोलत नव्हते," गजराकाकू म्हणाल्या. "लग्नात पाटावर बसवून ठेवलेली. उभी असायची ती दोन्हीकडून करवल्यांनी धरलेली. कळायचं कसं? लंगडी पोर गळ्यात मारली बिचाऱ्या सासूच्या."

रोज सकाळी पिलू चाललं, रोज सकाळी हौसा लंगडली आणि रोज सकाळी पाणवठ्यावर बायका वाढत गेल्या. बोलता बोलता ती गोष्ट ओढा ओलांडून बापूमामांच्या गावी पोचली. मामांनी निरोप पाठवला. 'जत्रेला येतो. सोबत चार जाणती माणसं आणतो. सुनेचं काय ते डोळ्यांनी बघू. फसवणूक असेल तर पोर बापाकडे पोचती करू.'

निरोप ऐकून आत्याबाई हौसाकडे धावल्या.

"का गं लंगडत होतीस?"

"पिलू लंगडतं म्हणून."

"आणि पिलू लंगडतं म्हणून तू का?"

"तुम्हीच म्हणालात, पुढचा चालेल तसं चालायचं. मग संसार होतो."

'हे मी नवऱ्याबद्दल बोलले होते' असं आत्याबाई म्हणणार होत्या, पण यातून आणखी काय शिकेल या भीतीनं त्यांनी तोंड आवरलं. त्या एवढंच म्हणाल्या, "जत्रेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही."

हौसा घरात बसली. पिलू एकटंच अंगणात हिंडायला लागलं. आणि हौसानं त्याची काळजी घ्यायची थांबवली तशी थोड्याच दिवसांत त्याची फरपट गेली, उडी गेली आणि ते सरळ पाऊल टाकायला लागलं. योगायोग असेल.

जत्रेचा दिवस आला. पाहुणे जेवले आणि अंगणात कोंडाळं करून बसले. बापूमामा काठी टेकत आले होते. ती चार जाणती माणसंही होती. गजराकाकूंना बोलावणं नव्हतं, म्हणून त्या सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या.

"आक्का," मामा म्हणाले, "सुनेला चालवून दाखव."

"बघायला गेलो तेव्हा तूच होतास की बरोबर," आत्याबाई म्हणाल्या. "तेव्हा नाही बघितलंस?"

"तेव्हा पोहे होते," मामा म्हणाले. "लक्ष पोह्यांत गेलं."

आत्याबाई आत आल्या. हौसा दारामागं उभी होती. अंगण काही मोठं नव्हतं. दारापासून तुळशीपर्यंत जायचं आणि परत यायचं. तेवढं नीट झालं तर हे घर तिचं. नाही झालं तर मामांची बैलगाडी दारातच उभी होती.

आत्याबाईंनी तिचा हात धरला आणि कानाशी लागल्या. "हौसे, सगळं विसर. कालवड विसर, पाहुणा विसर, पिलू विसर. आजपर्यंत मी सांगितलेलं सगळं विसर. मी पुढं होते, तू मागून ये. मी करीन तस्सं करायचं. त्यात काही जास्त नाही, काही कमी नाही."

"तस्सं?"

"तस्सं."

आता एक गोष्ट. आत्याबाईंचे गुडघे गेल्या थंडीपासून धरले होते. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. एकट्या आत्याबाईंना वाटायचं की आपण चालतो छानच.

आत्याबाई अंगणात उतरल्या. उजवा पाय टेकला, डावा ओढला, एक हात कमरेवर गेला. "आई गं."

मागून हौसा उतरली. उजवा पाय टेकला, डावा ओढला, एक हात कमरेवर. "आई गं."

पाहुणे गप्प झाले. आत्याबाईंना वाटलं, बघा, कशी बोलती बंद झाली. त्या तोऱ्यात पुढं निघाल्या. टेकला, ओढला. टेकला, ओढला. भरल्या गाडीसारख्या डुलत त्या तुळशीपर्यंत गेल्या आणि मागं वळल्या. तर मागं त्याच. म्हणजे हौसा.

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं माझ्या कर्मा!"

हौसानं कपाळावर हात मारून घेतला. "अगं माझ्या कर्मा!"

तेवढ्यात दोघींच्या मधून पिलू गेलं. मान ताठ, पावलं सरळ, तुरुतुरु. त्या अंगणात त्या दिवशी नीट चालणारं ते एकटंच होतं.

"पिलू बरं आहे की हो," गजराकाकू म्हणाल्या. "म्हणजे पायगुण सुनेचा नव्हेच. सासूच लंगडी आहे! सून बिचारी तिच्याकडे बघून शिकली."

हे ऐकून आत्याबाईंना संतापानं चक्कर आली आणि त्या तुळशीपाशी धपकन खाली बसल्या. हौसा शेजारी धपकन बसली. कोंडाळ्यात कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच हसायला लागले, बापूमामा काठीसकट. आत्याबाईंना उठायचं होतं आणि गुडघे उठू देईनात. समोर त्यांचा मुलगा उभा होता. तोही तोंडावर उपरणं धरून हसत होता.

त्याला बघून आत्याबाई कडाडल्या, "अरे शिरप्या, मेल्या, दात काय काढतोस? हात दे मला!"

हौसानं मान वर केली. डोक्यावरचा पदर सारखा केला. आणि त्याच आवाजात, एक अक्षर जास्त नाही, एक अक्षर कमी नाही, ती कडाडली, "अरे शिरप्या, मेल्या, दात काय काढतोस? हात दे मला!"

अंगण एकदम गार पडलं. नव्या सुनेनं नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात. तेही बायकांनी दार अडवून धरल्यावर, तेही लाजत, जमिनीकडे बघत. हौसानं घेतलं ते सगळ्या गोतासमोर, मेल्यासकट. चार जाणत्या माणसांपैकी एकाला ठसका लागला. गजराकाकूंच्या तोंडाचा आ झाला आणि तो बंद करायचं त्यांना भान राहिलं नाही.

शिरपती पुढं आला. त्यानं एक हात आईला दिला, एक हात बायकोला दिला आणि दोघींना उभं केलं. त्याचे कान लाल झाले होते आणि तो हसत होता.

बापूमामा गाडी रिकामीच घेऊन परत गेले. त्या दिवसापासून हौसाच्या पायाबद्दल गावात कुणी चकार शब्द काढत नाही.

सगळे तोंडाबद्दल बोलतात.